तोतया आणि बहुरूपी

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आतां ‘अखेरची संमति’ एवढ्याच अर्थानें वापरतों. मराठेशाहीच्या कागदपत्रांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस मात्र ठाऊक असेल कीं, शिक्का आणि मोर्तब ह्या दोन निरनिराळ्या मोहरा होत. शिक्का पत्राच्या माथ्यावर उमटे आणि पत्र कोणाच्या अधिकारानें निघालें हें सांगे. मोर्तब मजकुराच्या शेवटीं, अखेरच्या अक्षराला खेटून उमटे, म्हणजे त्यापुढें कोणाला एक अक्षरही घुसडतां येऊं नये. पहिली मोहर म्हणे, हें आमचें. दुसरी म्हणे, ह्यांत फेरफार नको. दुसऱ्याचें चिन्ह आपण वापरावें काय, आणि वापरतांना त्यांत फेरफार करावा काय, हे जे दोन प्रश्न आजच्या व्यापाऱ्यांस व त्यांच्या वकिलांस सतावीत आहेत, ते आमच्या पूर्वजांस अगदींच अपरिचित नव्हते, एवढें ह्या जोडशब्दावरून दिसून येईल.

तथापि परक्याचें चिन्ह घेणें म्हणजे सदैव अपराधच, अशी त्या काळाची समजूत नव्हती. ह्याचा पुरावा प्रत्येकाच्या कमरेच्या कशांत होता. पेशवाईंत पुण्याकडील टांकसाळींतून जे रुपये निघत त्यांवर नांव दिल्लीच्या बादशहाचें असे. पुण्याचें असें त्यावर काय, तर अंकुशाची एक लहानशी खूण. तीवरून लोक त्यास अंकुशी रुपया म्हणत. इंग्रजांची कंपनीही तेंच करीत होती. मुंबईंत तिनें पाडलेला सुरती रुपया बादशहा शहाआलमच्याच नांवाचा होता, आणि इंग्लंडच्या राजाचा मुखवटा साऱ्या ब्रिटिश मुलखाच्या रुपयावर यावयास १८३५ चा कायदा व्हावा लागला. शिवछत्रपतींची तांब्याची शिवराई तर त्यांच्यामागें शंभरांवर वर्षें नाना हातांनीं पाडली. अक्षरें बिघडलीं, कांहीं ठिकाणीं शुद्धलेखनही बिघडलें, परंतु नांव शिवराईच राहिलें. ह्यांत फसलें कोण? आमच्या मतें कोणीच नाहीं. दिल्लीपतीचा हुकूम लाल किल्ल्याच्या भिंतीपलीकडे किती चालतो हें पुण्याच्या सराफास पुरतें ठाऊक होतें. तो नांव वाचून समाधान मानीत नसे. खूण पाही, चांदी कसाला लावी आणि बट्टा कापून घेई. चिन्ह परक्याचें असूनही व्यवहार खरा होता. हिणकस चांदीवर हुबेहूब अंकुश उठविणारा मात्र चोर ठरे, मग त्याचा अंकुश टांकसाळीच्या अंकुशाहून कितीही सुबक असो.

वसईच्या परिसरांतील वाचकांस ह्याहून जवळचा दाखला देतां येईल. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली, तेव्हां तेथील पोर्तुगीज देवळांतील मोठमोठ्या घंटा मराठी सैन्यानें घाटावर आणल्या व हिंदु देवळांस वाहिल्या. भीमाशंकरास, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळीं, वाईजवळच्या मेणवलीस त्या घंटा आजही पाहावयास मिळतात. त्यांवरील परधर्माचीं चिन्हें कोणी छिलून काढलीं नाहींत. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूस घेतलेली मेरी आहे, आणि ती घंटा महादेवासमोर टांगलेली आहे. परक्याचें चिन्ह असें उघड्यावर लावण्यांत विजयाची ऐट होती, ह्यांत शंका नाहीं. पण लबाडी नव्हती. मेणवलीच्या देवळांत जाणारा कोणीही ‘हें ख्रिस्ती देऊळ असावें’ अशा समजुतीनें आंत शिरला नाहीं. खुद्द वसईच्या किल्ल्यांत पोर्तुगीज राजचिन्हें कोरलेल्या शिळा अद्याप आहेत. त्याही जेत्यांनीं तशाच राहूं दिल्या.

आतां ह्याच्या उलट बाजूचें उदाहरण. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढें कांहीं वर्षांनीं सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण ‘भाऊ तो मीच’ म्हणत पुढें आला. त्याला रत्नागिरीस कैदेंत ठेविलें होतें. तेथून सुटून त्यानें कोंकणांत फौज जमविली, किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या नांवानें दरवाजे उघडूं लागले, आणि १७७६ सालीं पुण्याच्या कारभाऱ्यांनीं त्याचा पाडाव करून त्यास देहांत शासन दिलें. मराठी भाषेंत ‘तोतया’ हा शब्द तेव्हांपासून जो रुजला तो रुजलाच. तोतयाचा सारा व्यापार एका गोष्टीवर चालतो : पाहणाराचा विश्वास बसला पाहिजे. ज्या क्षणीं लोक म्हणतील कीं हा भाऊ नव्हे, त्या क्षणीं तोतया संपला.

ह्याच समाजांत दुसराही एक वेषधारी पिढ्यान् पिढ्या हिंडत होता, त्याचें नांव बहुरूपी. हा सकाळीं फौजदाराचा पोषाख करून दारांत उभा राही, घरच्या यजमानावर लटकें वॉरंट बजावी, मुलांस दरडावी, आणि शेवटीं हंसत हात पुढें करी. पैसा मिळे तो फौजदारास नव्हे, सोंगास मिळे. बहुरूप्याचा धंदा तोतयाच्या नेमका विरुद्ध आहे. लोकांनीं त्यास ओळखलें नाहीं तर त्याचें पोट भरत नाहीं. वाङ्मयांत विडंबनकाराची जागा हीच. केशवकुमारांचीं ‘झेंडूचीं फुलें’ १९२५ सालीं निघालीं तेव्हां त्यांतील कविता मूळ कवींच्याच म्हणून कोणी विकत घेतल्या नाहींत. मूळ कविता ज्यास माहीत नाहीं त्यास हंसूंच आलें नसतें. ह्या दोघांमधील रेषा कधीं कधीं पुसट होते, हेंही खरें. बहिर्जी नाइकाची मंडळी बहुरूप्याचा वेष घेऊन शत्रूच्या गोटांत हिंडत असें सांगतात. तसें असेल तर तेथें वेष बहुरूप्याचा आणि काम तोतयाचें झालें. म्हणजे निवाडा वेषावरून होत नाहीं, हेतूवरून आणि परिणामावरून होतो.

एवढें जुनें पुराण उकरण्याचें निमित्त सांगितलें पाहिजे. वसई तालुक्यांत, वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कामण हें गांव आहे. वर कामणदुर्गाचा डोंगर, खालीं चिंचोटीहून भिवंडीकडे जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या कडेनें कारखान्यांचे गाळे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा तेथें गाळा आहे. पुठ्ठ्याचीं खोकीं आणि वेष्टनें छापून देणें हा त्याचा उद्योग. धंदा वाढावा म्हणून त्यानें महाजालावर आपलें संकेतस्थळ उघडलें आणि ‘आमचीं गिऱ्हाइकें’ ह्या मथळ्याखालीं ज्या कंपन्यांचीं खोकीं तो छापतो त्यांचीं बोधचिन्हें ओळीनें मांडलीं. तांबडीं, निळीं, पिवळीं चिन्हें एकत्र भडक दिसतात म्हणून त्यानें तीं सगळीं एकसारखीं राखाडी केलीं, आणि दोन-चार चिन्हांचे कोपरे गोल करून घेतले. एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली : चिन्ह विनापरवाना वापरलें, शिवाय विद्रूप केलें, सात दिवसांत काढावें, नाहींपेक्षां दावा. हा मनुष्य घाबरून आमच्याकडे आला. आम्ही वकील नव्हे, इतिहास शिकवितों. परंतु ह्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो समजल्यावांचून ती नोटीस नीट वाचतां येत नाहीं, असें आमचें मत झालें.

व्यापारी चिन्हाचा आधुनिक इतिहास मुंबई इलाख्यापुरता सांगावयाचा तर तो कापडाच्या व सुताच्या टिकिटांपासून सांगावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विलायती कापडाच्या ताग्यावर आणि सुताच्या गठ्ठ्यावर रंगीत चित्राचें एक टिकीट चिकटविलेलें असे. गिऱ्हाइकास इंग्रजी येत नसे, पुष्कळांस कोणतेंच अक्षर येत नसे. तें चित्रावरून माल मागे : हत्ती छाप, घोडा छाप, अमकी देवी छाप. ‘छाप’ ह्या शब्दास मराठींत जें वजन आलें तें ह्या निरक्षर गिऱ्हाइकानें आणलें. रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं गिरगांवांत निघाला व पुढें मळवलीस गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वतींच्या नकला टिकिटांवर आणि आगपेट्यांवर सर्रास झळकूं लागल्या. त्या काळच्या बाजारांत देवता कोणाच्याही मालकीच्या नव्हत्या. भांडण लागे तें ‘ही देवी माझ्या मालाची कीं तुझ्या’ ह्यावरून.

असेंच एक भांडण थेट इंग्लंडच्या उमरावसभेपर्यंत गेलें, आणि तें आमच्याच बाजारासंबंधीं होतें. स्कॉटलंडांतील ऑर-यूइंग नांवाची पेढी तांबड्या रंगाचें सूत मुंबईस व एडनला पाठवी. तिच्या टिकिटावर दोन हत्ती होते, आणि बाजारांत तो माल दोन हत्तींच्या नांवानेंच ओळखला जाई. जॉन्स्टन नांवाच्या दुसऱ्या पेढीनें तसलेंच सूत तेथें पाठविलें आणि आपल्या टिकिटावर दोन हत्ती घातले. टिकिटें शेजारीं ठेवून पाहिलीं तर भेद पुष्कळ होते. दुसऱ्या टिकिटावर दुसऱ्या पेढीचें नांवही छापलेलें होतें. प्रतिवादीचें म्हणणें, आम्हीं नक्कल कोठें केली? १८८२ सालीं उमरावसभेनें निकाल दिला तो वादीच्या बाजूनें. मधला दलाल फसणार नाहीं हें खरें. पण शेवटीं जो सूत विकत घेतो त्याला नांव वाचतां येत नाहीं, त्याच्या मनांत दोन हत्ती एवढेंच राहतें, आणि तो फसेल. हा निकाल आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. चित्रांत किती फेरफार केला हें मोजण्याची फूटपट्टी त्यानें चित्रकाराच्या हातांतून काढून घेतली आणि गांवाकडच्या बाजारांत उभ्या असलेल्या एका निरक्षर गिऱ्हाइकाच्या हातीं दिली.

नवल असें कीं, ज्या मुलखाच्या गिऱ्हाइकावरून हा सिद्धांत निघाला त्या मुलखांत चिन्हांची सरकारी नोंदवहीच नव्हती. इंग्लंडांत ती १८७६ च्या जानेवारींत उघडली. पहिला क्रमांक बास ह्या बिअरवाल्याच्या तांबड्या त्रिकोणास मिळाला. (मानेनें १८८२ सालीं पॅरिसच्या एका मद्यगृहाचें जें प्रसिद्ध चित्र काढलें त्यांत ह्या त्रिकोणाच्या बाटल्या स्पष्ट दिसतात. चित्रकारावर बास कंपनीनें फिर्याद केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं, आणि ती टिकलीही नसती.) इकडे १८६० च्या दंडसंहितेंत खोट्या खुणेचा गुन्हा होता, १८८९ सालीं मालावरील खुणांचा स्वतंत्र कायदा झाला, पण चिन्ह कोणाचें हें सिद्ध करावयाचें तर व्यापाऱ्यानें दस्तऐवजांच्या नोंदणी कचेरींत आपल्या मालकीचें एक प्रतिज्ञालेख नोंदवून ठेवावें आणि वर्तमानपत्रांत ‘खबरदार’ म्हणून जाहिरात द्यावी, एवढाच मार्ग होता. मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानें आपल्या सभासदांच्या टिकिटांसाठीं स्वतःचीच नोंदवही ठेविली होती. हिंदुस्थानचा नोंदणीचा कायदा १९४० सालीं झाला, १९४२ पासून अमलांत आला, आणि त्याची मुख्य कचेरी मुंबईस आली. १९५८ सालीं तो बदलला. सध्यांचा कायदा १९९९ चा, अमलांत २००३ च्या सप्टेंबरांत आला. मुख्य कचेरी अद्यापि मुंबईसच आहे, अँटॉप हिलला.

ह्या सगळ्या कायद्यांत उमरावसभेचा तो निरक्षर गिऱ्हाईक वेषांतर करून वावरत आहे. १९६२ सालीं ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’ ह्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें त्यास सामान्य बुद्धीचा, अर्धवट स्मरणाचा गिऱ्हाईक मानलें. १९७२ सालच्या निकालांत तो बिस्किटाच्या पुड्यासमोर उभा राहिला. पारल्याच्या पारले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतावरील आवार होतें, मध्यें पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोंवतीं गाई आणि कोंबड्या. मैसुरांतील एका पेढीनें वेष्टन काढलें त्यांतही मुलगी, गाई, कोंबड्या; फक्त मुलीच्या हातीं बादलीऐवजीं गवताचा भारा. खालच्या न्यायालयांनीं फरक मोजले व दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, दोन वेष्टनें शेजारीं ठेवून फरक शोधणें ही परीक्षाच नव्हे. एक पाहून गेलेला माणूस दुसरें पाहून फसेल काय, एवढेंच विचारावें. बादली काढून गवत देणें हा फेरफार झाला, पण तो तोतयाच्या मिशांतील फेरफार होता.

सध्यांच्या कायद्यांत ‘चिन्ह खोटें करणें’ ह्याची व्याख्या देतांना फेरफार, भर आणि पुसून टाकणें असे तिन्ही प्रकार नांव घेऊन सांगितले आहेत. ह्या गुन्ह्यास निदान सहा महिने व फार तर तीन वर्षें कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. कामणच्या मुद्रकानें ह्यांतील एक पोटकलम विशेष ध्यानांत ठेवावें : चिन्ह खोटें करण्यासाठीं ठसा, ब्लॉक किंवा पट्टी जवळ बाळगणें हाही गुन्हाच आहे. खोक्यांची मागणी घेऊन कोणीही येतो. तो चिन्हाचा मालक आहे किंवा त्याचा परवानगीदार आहे, हें न विचारतां जो छापील त्याची गांठ पोलिसांशीं पडेल. योग्य खबरदारी घेतली, संशयाला जागा नव्हती, आणि माल कोणी दिला हें सांगितलें, तर धंदा म्हणून छापणाऱ्यास बचाव आहे. पण ती खबरदारी आधीं घेतलेली असली पाहिजे. गाळ्याच्या मालकांस वाटतें कीं भीति संकेतस्थळाची आहे. आमच्या मतें खरी भीति कागदाच्या रिळांत आहे.

महाजालानें ह्या जुन्या प्रश्नांत नवें काय आणलें? एक तर अक्षराचें मोल वाढलें. १९९९ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें ‘रेडिफ’ आणि ‘रॅडिफ’ असा तंटा आला. दोन संकेतनामांत इंग्रजी एका अक्षराचा फरक. न्यायालयानें ठरविलें कीं संकेतनाम हा नुसता पत्ता नव्हे, त्यालाही चिन्हासारखेंच संरक्षण आहे. दुसरें असें कीं, पूर्वीं चिन्ह बदलावयाचें म्हणजे ठसे खोदावे लागत, शिळेवर चित्र उतरवावें लागे. तें काम तोतयाच करी, कारण खर्च भरून काढावयाचा असे. आतां तें पोरखेळाइतकें सोपें झालें, आणि म्हणून बहुरूपी मोठ्या संख्येनें रस्त्यावर आले.

ह्या बहुरूप्यांपैकीं सर्वांत गाजलेला खटला एका मुंबईच्याच घराण्याचा आहे, जरी तो दिल्लीस चालला. ओरिसांतील धामरा येथील बंदराच्या बांधणींत टाटांचा भाग होता. जवळच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकांसवें अंडीं घालावयास येतात. त्यांस बंदरानें धोका आहे असें ग्रीनपीस ह्या संस्थेचें म्हणणें. तिनें २०१० सालीं महाजालावर एक खेळ मांडला : पिवळीं कांसवें दाणे टिपीत पळत आहेत आणि त्यांच्या पाठीस राक्षस लागले आहेत, त्या राक्षसांवर टाटांचें वर्तुळांतील ‘टी’ चें चिन्ह. टाटा सन्सनें दिल्लीच्या उच्च न्यायालयांत अब्रुनुकसानीचा आणि चिन्हाच्या दुरुपयोगाचा असा दुहेरी दावा लावला, भरपाई दहा कोटींची मागितली, आणि खेळ ताबडतोब बंद करावा म्हणून हंगामी मनाई मागितली. २८ जानेवारी २०११ रोजीं न्यायमूर्ति रवींद्र भट यांनीं ती मनाई नाकारली. चिन्ह हें टीकेचा किंवा हल्ल्याचा विषय झालें एवढ्यानें त्याचें उल्लंघन होत नाहीं. कंपनीच्या चिन्हाला हात लावल्याशिवाय कंपनीवर टीकाच करतां येणार नाहीं अशी स्थिति कायदा आणीत नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. हा अखेरचा निकाल नव्हे, हंगामी अर्जावरचा आहे, हें विसरूं नये. पण त्यांत जे परदेशी दाखले आहेत ते उद्बोधक आहेत. फ्रान्समध्यें ह्याच ग्रीनपीसनें एस्सो तेल कंपनीच्या नांवांतील दोन ‘एस्’ च्या जागीं डॉलरची खूण घातली, आणि पॅरिसच्या अपील न्यायालयानें २००३ सालीं तें चालूं दिलें. दक्षिण आफ्रिकेंत एका सदरेवाल्यानें ‘ब्लॅक लेबल’ ह्या बिअरचें चिन्ह जसेंच्या तसें उचललें आणि आंत शब्द घातले ते काळ्यांच्या मजुरीचे आणि गोऱ्यांच्या अपराधाचे. तो सदरे विकत होता, म्हणजे व्यापारच करीत होता. तरीही तेथील घटना न्यायालयानें २००५ सालीं त्याच्या बाजूनें कौल दिला, कारण बिअरचा एक पेलाही कमी खपल्याचें कंपनीला दाखवितां आलें नाहीं.

येथें थांबून एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण आमचे तरुण वाचक असले निकाल वाचून लगेच कुंचला हातीं घेतील. बहुरूप्याला मोकळीक आहे ती तो बहुरूपीच राहील तोंवर. शेजारच्या दुकानदारानें फौजदाराचें सोंग घेऊन समोरच्या दुकानाची गिऱ्हाइकें हांकलावीं, ह्यास सोंग म्हणत नाहींत. कोका कोलाच्या हिंदी कंपनीनें जाहिरातींत ‘पॅपी’ नांवाच्या काल्पनिक पेयाची चेष्टा केली. पाहणाऱ्यास तें पेप्सीच वाटावें अशी योजना होती, आणि तें पोरासोरांचें पेय म्हणून हिणविलें होतें. दिल्लीच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें २००३ सालीं त्यांत पेप्सीची अप्रतिष्ठा पाहिली आणि जाहिराती रोखल्या. आपला माल चांगला म्हणावें, कितीही म्हणावें. दुसऱ्याचा वाईट म्हणून स्वतःचा खपवूं नये, हा त्यांतला भेद आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयांत तर ह्या दोहोंच्या मध्यें पडणारें प्रकरण आलें. एका तरुणानें चित्रफितींत पॅराशूट खोबरेल तेलाची बाटली दाखवून त्या तेलाची परीक्षा केली व तें निकृष्ट ठरविलें. २०२० च्या जानेवारींत एका न्यायमूर्तींनीं ती फीत काढण्याचा हंगामी हुकूम दिला. महिन्याभरांत खंडपीठानें कांहीं फेरबदल करून ती पुनः दाखविण्यास मोकळीक दिली. दोन न्यायासनांस एकच बाटली दोन प्रकारें दिसावी, ह्यावरून ही रेषा किती अंधुक आहे हें कळेल. त्यांतून १९९९ च्या कायद्यानें नामांकित चिन्हांस एक जादा कवच दिलें आहे : कोणी फसत नसला, माल निराळा असला, तरी त्या चिन्हाच्या लौकिकाचा कोणी व्यापारांत फुकट फायदा घेतला किंवा त्यास बट्टा लावला, तर तेंही उल्लंघन. सराफाच्या ‘बट्टा’ ह्या शब्दाला कायद्यांत अशी जागा मिळेल असें पुण्याच्या सराफ्यांत कोणाला वाटलें नसेल.

चिन्हाच्या चित्रावर कृतिस्वाम्याचा १९५७ चा कायदाही चालतो, कारण बोधचिन्ह ही एक चित्रकृतिच आहे. त्यांतही टीका व समीक्षा यांसाठीं प्रामाणिक वापरास सूट आहे. राष्ट्रचिन्हें आणि कांहीं थोर नांवें यांची गोष्ट अगदींच वेगळी. १९५० च्या कायद्याच्या परिशिष्टांत शिवछत्रपतींचें नांव व चित्र आहे, तें व्यापाराच्या कामीं सरकारच्या परवानगीवांचून लावतां येत नाहीं. तेथें फसवणूक झाली कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं.

आतां कामणच्या गाळ्याकडे. आमचा विद्यार्थी तोतया नव्हे, हें उघड आहे. त्यानें त्या कंपनीचा माल म्हणून कांहीं विकलें नाहीं. तो बहुरूपीही नव्हे, कारण त्याला कोणावर टीका करावयाची नव्हती. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, ह्यांचीं खोकीं मी छापतों; आणि तें खरें आहे. दुसऱ्याचें चिन्ह त्याच्याच मालासंबंधीं खरें बोलण्यासाठीं, धंद्यांतील प्रामाणिक रीतीस धरून वापरलें, तर कायदा त्यास आडवा येत नाहीं. सुट्या भागांचे विक्रेते ‘अमक्या गाडीस बसेल’ असें लिहितात तें ह्याच आधारावर. परंतु सत्य सांगावयास कंपनीचें नांव साध्या अक्षरांत पुरें होतें. रंगीत चिन्हांची ओळ मांडली म्हणजे पाहणाऱ्यास वाटतें कीं ह्या थोर मंडळींनीं ह्याच्या डोक्यावर हात ठेविला आहे, आणि ती समजूत खरी नसेल तर चिन्ह खरें असूनही विधान खोटें होतें. चिन्हें राखाडी केल्यानें तर त्याची बाजू मुळींच सुधारली नाहीं. चिन्ह नोंदवितांना मालकानें रंगाची मर्यादा घातली नसेल, तर तें सर्व रंगांत नोंदलें गेलें असें १९९९ च्या कायद्याचें दहावें कलम मानतें. तेव्हां राखाडी हत्ती हाही मालकाचाच हत्ती. आणि गोल केलेले कोपरे कोणास फसविणार नाहींत, पण पत्रव्यवहारांत ते प्रतिपक्षाच्याच उपयोगीं पडतात, कारण ‘विद्रूप केलें’ हा शब्द त्यांच्यामुळें लिहितां आला.

त्यानें ती नोटीस आल्यावर दावा व्हायची वाट न पाहतां चिन्हें उतरविलीं व प्रत्येक कंपनीस पत्र लिहिलें. कांहींनीं परवानगी दिली आणि सोबत आपल्या चिन्हाच्या वापराचे नियम पाठविले : भोंवतीं मोकळी जागा किती, रंग कोणते, कोपरे जसेच्या तसे. नोटीस पाठविणाऱ्या कंपनीच्या बाबतींत साध्या अक्षरांत नांव तरी घालावें काय, असें त्यानें विचारलें. आम्हीं त्याला पुरवठ्याचा मूळ करार आणावयास सांगितला. त्यांत बारीक टंकांत एक अट होती : पुरवठादारानें कंपनीशीं असलेला व्यवहार लेखी संमतीवांचून कोठेंही प्रसिद्ध करूं नये. चिन्हांच्या कायद्यानें जें बोलूं दिलें असतें तें त्यानें स्वतःच्या सहीनें, चार वर्षांपूर्वीं, खोक्यांच्या दराची घासाघीस चालली असतां, सोडून दिलें होतें.